पलीकडच्या काठावरचा खोकला

दळवीमामा भेटले की 'कशी आहेस' वगैरे काही नाही. आधी हात पुढे करायला लावायचे आणि ते हुंगायचे. रविवारी संध्याकाळी तळ्यावर जमलेली आमची मंडळी, त्यांतली निम्मी हिंजवडीला आठवडाभर एसीत बसून आलेली, शाळेत पोरं नखं दाखवायला उभी राहावीत तशी ओळीने हात पुढे करून उभी राहायची. साबण, अत्तर, सिगारेट, डासांचं मलम, कशाचाही वास आला की मामा मान हलवायचे आणि म्हणायचे, "धू. नुसत्या पाण्यानं." न धुतलेल्या हाताला बेडूक मिळायचा नाही. एकदा एका बाईंनी विचारलं, एवढं काय त्यात? मामा म्हणाले की बेडूक कातडीनं पाणी पितो, तुम्ही त्याला मलम पाजताय. बाई पुन्हा आल्या नाहीत. मामांना त्याचं काही वाटलं नाही.

मामा म्हणजे आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे शिपाई. कॉलेजात शिपायाला मामा म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. नातं कुणी विचारत नाही आणि गावही. मामांचं गाव वाघोलीच्या पुढे, दगडाच्या खाणींना लागून. आता ते गाव राहिलेलं नाही, पत्त्यात फक्त 'समोर' आणि 'मागे' लिहायला उरलंय. पण त्या वेळी गावाच्या खालच्या अंगाला एक तळं होतं, काठावर शेंदूर लावलेला म्हसोबा होता, आणि पुण्यातल्या निम्म्या कॉलेजांच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून पडलेले बेडूक त्या तळ्यातले असायचे. ते पकडून आणणारा माणूस म्हणजे मामा. वीसएक वर्षं ते ओल्या पोत्यातून बेडूक आणत होते.

मी एकोणीस वर्षांची होते. माझ्या ट्रेमधल्या बेडकाची भूल उतरली आणि त्याने पाय ओढला. मी किंचाळले. सर रागावले, पोरं हसली. मामा आले, त्यांनी शांतपणे टाचण्या काढल्या, बेडूक तळहातावर घेतला आणि मला विचारलं, "ह्यो कोन हाय?"

मी म्हटलं, फ्रॉग.

"आन् तू कोन? मानूस? तुला नाव न्हाई?"

मला इतका संताप आला होता की मी माझं नाव सांगितलंच नाही. मामांनी बेडकाचं सांगितलं. हा पळपुट्या, पाण्याच्या वरून पळतो, पोहत नाही, आणि म्हसोबाच्या तळ्यातला आहे. मग त्यांनी स्वतःच कापूस क्लोरोफॉर्ममध्ये बुडवला आणि त्याच्या नाकाशी धरला. दया वगैरे काही दाखवली नाही. पण नाव सांगितल्याशिवाय मारला नाही, एवढं माझ्या डोक्यात राहिलं.

त्यांची सगळी नावं अशीच होती. लॅटिन नावं त्यांना पाठ होती, वीस वर्षं बरण्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांनीच चिकटवल्या होत्या, पण ती नावं ते बरणीतल्यांसाठी ठेवायचे. जिवंतांना वेगळी. कंगव्याच्या दात्यांवरून नख फिरवल्यासारखा आवाज काढणारा, नखाएवढा, तो कंगव्या. जमिनीत पुरून घेणारा तो खड्ड्या. पिवळाधमक होऊन डरकाळ्या फोडणारा तो पाटील. आणि वर्षाचे बारा महिने, गटारातसुद्धा आनंदाने राहणारा तो पळपुट्या. बेडूक ओळखायचा तर आधी बोटं बघायची, टोकाला चकती आहे का, मग बोटांमधला पडदा कुठवर आलाय, मग पाठ, आणि रंग सगळ्यांत शेवटी, कारण रंग खोटं बोलतो. हे शिकवताना ते कुठल्याही बेडकाला दहा आकडे मोजण्यापलीकडे हातात ठेवू द्यायचे नाहीत. मोजायचे मोठ्याने. आठला आपला हात आपोआप खाली जायचा.

पोतं भरत आलं की त्यातल्या दोन मोठ्या माद्या मामा परत तळ्यात सोडायचे, बियाण्याच्या म्हणून. शेतकऱ्याच्या घरातला माणूस, कणगीतलं बियाणं खायचं नाही एवढं त्यांना पक्कं ठाऊक. बियाणं ठेवलं की आपला हिशोब चुकता झाला, असं त्यांना वाटायचं. हे त्यांनीच मला फार उशिरा, तळ्याच्या काठावर बसून सांगितलं.

पुढे बेडूक कापणं बंद झालं, मामा निवृत्त झाले, मी बेडकांचं सोडून सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायला लागले. वाघोलीला फ्लॅट घेतला तेव्हा गच्चीवरून ते तळं दिसलं. काठावर मोठी विहीर झाली होती, तिच्यावर टँकर भरत उभे असायचे, पण म्हसोबा तिथेच होता. मी शोधत गेले तर मामाही तिथेच होते, चपला काढून, काठावर उकिडवे बसलेले. मला ओळखलं. म्हणाले, "नाव सांगितलं न्हाईस त्या दिशी." मी तेव्हा बेचाळिशीला आले होते, तरी शेवटपर्यंत त्यांनी मला पोरीच म्हटलं.

त्याच सुमाराला आमचा गट झाला होता. निखिल नावाचा एक उत्साही मुलगा त्याचा म्होरक्या. तळी, ओढे, पाणथळ जागा यांतले बेडूक शोधायचे, ओळखायचे, तक्त्यात नोंदवायचे. मी मामांना त्यात ओढलं. निखिलचं आणि त्यांचं पहिल्याच दिवशी वाजलं. निखिलचं म्हणणं, आवाजावरून नोंद करायची पद्धत जगभर आहे, आणि आपण टिपलेला बेडकाचा आवाज फोनवर लावला की खरा बेडूक उत्तर देतो, मग शोधायला सोपं. मामांचं म्हणणं, आवाजाच्या मागे जा, पण दिसल्याशिवाय लिहू नका.

"आवाज कुनीबी काढतो," मामा म्हणाले. "हजेरीला पोरं एकमेकांची 'प्रेझेंट सर' म्हणतात, ते काय असतं मग?"

निखिल हसला. मामा, बेडूक प्रॉक्सी मारत नाहीत, म्हणाला. आम्ही सगळेच हसलो होतो.

मी त्या भाद्रपदात कंगव्याचा आवाज फोनवर घेतला. दिवेलागणीची वेळ, वारा पडलेला, मामांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलेलं. ऐकताना ते हनुवटी छातीला टेकवायचे आणि उजवा तळहात वर धरायचे, रस्ता ओलांडताना गाड्या थांबवतात तसा. करर्र, करर्र, करर्र, आणि मग मामांचा खोकला. कोरडा, दोनदा. त्यांना तो जुनाच होता, क्लोरोफॉर्मच्या खोलीत आयुष्य गेल्यावर दुसरं काय होणार. खोकल्यानंतरचं बोलणं मी कापून टाकलं आणि तुकडा गटावर पाठवला. निखिलला तो इतका आवडला की तोच आमचा नमुना ठरला. गटावरून दुसऱ्या गटावर, तिथून तिसऱ्यावर गेला. कंगव्याचा आवाज म्हटलं की लोक तोच लावायचे. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग दोन वर्षांत तळ्याचं काहीतरी बिनसलं. काय, ते एकदम कळलं नाही. गावात उरलेल्या तीन म्हशी आधी दिवसभर त्यात डुंबायच्या. त्या काठापर्यंत यायच्या, नाक खाली न्यायच्या आणि वळायच्या. वरून येणाऱ्या ओढ्याला सकाळी फेस असायचा, दुपारी नसायचा. एके संध्याकाळी निखिल खुशीत म्हणाला की यंदा तळ्यावर डास अजिबात नाहीत, किती छान. मामांनी नेहमीसारखे सगळ्यांचे हात हुंगले. एकाच्याही हाताला मलमाचा वास नव्हता, कारण कुणाला लावायची गरजच पडली नव्हती. आजवर कधी असं झालं नव्हतं. मामा खूश व्हायला हवे होते.

"डास न्हाईत," ते मला हळूच म्हणाले. "हे काय बरं न्हाई, पोरी."

मी हसण्यावारी नेलं. तरी त्या रात्री जेवताना पाण्याचा पेला उचलला आणि खाली ठेवला. आमच्या सोसायटीचा टँकर त्याच विहिरीवर भरायचा.

त्याच पावसाळ्यात सरकारी कार्यालयातून पत्र आलं. तळं पाणथळ म्हणून यादीत ठेवायचं की नाही ते ठरवायचं होतं. जिवंत असेल तर राहील, नसेल तर ती जमीन मोकळी. मोकळी म्हणजे काय ते वाघोलीत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. खाणीच्या बाजूला डंपर आधीच उभे होते. तीन संध्याकाळी पाहणी करायची, आमच्या गटाने अलीकडच्या काठावरून आणि एका कॉलेजच्या मुलांनी पलीकडून. तक्त्यावर खाली 'स्थानिक जाणकार' म्हणून सही लागणार होती, आणि तिथे मामांशिवाय दुसरं नाव कुणाला सुचलंच नाही.

पहिल्या संध्याकाळी कंगव्याचे सात आवाज आले. दुसऱ्या संध्याकाळी नऊ. आम्ही आवाज लावायचा, थांबायचं, की पलीकडून उत्तर. पलीकडच्या मुलांचा फोन आला की त्यांनाही आमच्या बाजूने भरपूर ऐकू येतंय. निखिलच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तळं वाचलं म्हणाला. मामा पहिले दोन दिवस तापाने घरी होते.

तिसऱ्या दिवशी आले, कानाला मफलर बांधून. चपला काढल्या. हात हुंगले. निखिल फोन लावणार तेवढ्यात पलीकडून आवाज आला. करर्र, करर्र, करर्र. मामांनी तळहात वर केला. हनुवटी छातीला टेकवली. आम्ही श्वास धरून उभे. पाण्यावरून अगदी बारीक, पण स्पष्ट, मागून खोकला आला. कोरडा, दोनदा.

मामांचा हात वरच राहिला. पुन्हा आवाज आला आणि त्याच्या मागे पुन्हा तोच खोकला. मला कळलं होतं.

"त्यो मी हाय," मामा म्हणाले.

पलीकडची मुलं माझाच तुकडा लावत होती. आम्ही त्यांच्या फोनला कंगव्या म्हणून लिहीत होतो आणि ती आमच्या फोनला. तीन संध्याकाळी दोन काठांवर उभे राहून आम्ही एकमेकांची हजेरी लावली होती, आणि मधल्या तळ्यात कुणीच नव्हतं. किती दिवसांपासून नव्हतं, देव जाणे. मामांनी बॅटरी घेतली आणि सगळा काठ पालथा घातला. गवत, दगडांच्या खाली, म्हसोबाच्या मागची दलदल. कंगव्या सोडा, पळपुट्याही नव्हता, जो गटारात राहतो तो.

निखिलने मला बाजूला घेतलं. मग मामांना. त्याचं म्हणणं ऐकून घ्या, मुलगा वाईट नव्हता. "मामा, राहू दे ना. तक्ता भरलाय. तळं वाचतंय ना, दॅट्स द पॉइंट. कोण चेक करणारे?" मीही गप्प राहिले. आज कबूल करते, मलाही तेच हवं होतं. चूक माझ्याच तुकड्याची होती आणि त्या चुकीने तळं वाचणार होतं, यापेक्षा सोयीचं काय असतं?

मामांनी कागद घडी करून खिशात घातला. आठ दिवस द्या, एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांचा फोन आला की तळ्यावर ये. मी गेले तर म्हसोबापाशी ओलं पोतं. तेच, कॉलेजातलं, तसंच तोंड बांधलेलं. नदीपलीकडच्या उसाच्या पाटातून त्यांनी रात्रभर खपून पळपुटे आणले होते. एका पाण्यातले बेडूक दुसऱ्या पाण्यात सोडायचे नसतात, रोग जातात, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. मी तसं म्हटलंही.

"इथनं लई नेली," म्हणाले. "थोडी परत देतो."

पोत्याचं तोंड उघडलं. पळपुटे सुटले ते आपल्या नावाला जागून पाण्याच्या वरूनच टप्पे घेत मधोमध गेले. मामांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं, आता सही करतील, आणि ती खोटीही असणार नाही. आम्ही काठावर बसलो. त्यांनी पिण्याच्या पाण्याची बाटली काढली, मला दिली, आपण घोट घेतला.

अर्ध्या तासाने पहिला परत आला. चिखलावर चढला आणि पाण्याकडे पाठ करून बसला. मग दुसरा आला. मग पाचसहा एकदम. बेडूक धोका दिसला की पाण्यात उडी मारतो, एवढं पोरालाही माहीत असतं. मी जवळ गेले तरी त्यांतला एकही हलला नाही. सगळे ओळीने बसले होते, तोंडं आमच्याकडे, पाठी तळ्याकडे, आणि त्यांच्या पोटाखालची कातडी लाल झाली होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मामा उठले. एकेक बेडूक उचलून त्याच्यावर पिण्याचं पाणी ओतायला लागले. बोटाने हलकेच चोळून धुवायचे, आणि पोत्यात ठेवायचे. बाटली संपली तेव्हा माझी मागितली. दोन मेले होते, त्यांना म्हसोबाच्या मागे पुरलं. हे सगळं करताना ते काहीतरी पुटपुटत होते. जवळ गेल्यावर कळलं, दहापर्यंत आकडे मोजत होते, प्रत्येकाला नव्याने.

मग खिशातला कागद काढला, आमचे सात आणि नऊ खोडले, आणि पुढे अक्षरात लिहिलं, शून्य. खाली सही. मी भडकले. म्हटलं, मामा, तुमच्या या एका शून्याने तळं जाईल. आयुष्यभर इथले बेडूक मारलेत, आता तळंही मारताय. असं मी बोलले. लाज वाटते, पण बोलले.

त्यांनी पोतं खांद्यावर टाकलं. "बेडूक हायेत म्हनून लिवलं तर पान्यात काय हाय ते कोन बघाया येनार?" म्हणाले. "तू हेच पानी पितीस ना?"

राग ओसरल्यावर मला वाटलं होतं, शून्य बघून कुणीतरी येईल, पाणी बाटलीत भरून नेईल, तपासेल. मामांनाही तसंच वाटलं असणार. आलं कुणी नाही. डंपर आले. दिवाळीच्या आत तळं भरलं, म्हसोबाला रस्त्याकडेला हलवून वर पत्रा घातला. विहीर तेवढी ठेवली. ती अजून चालू आहे. टँकर सकाळी सहाला येतो. कुठल्या विहिरीवर भरला म्हणून विचारलं की ड्रायव्हर हसतो आणि पाइप जोडायला लागतो. पिण्याचं पाणी मी विकत आणते. आंघोळीचं काय करायचं?

त्या रविवारनंतर मी मामांना भेटले नाही. ते गेल्याचं मला निखिलकडून कळलं, तेही पंधरा दिवसांनी. मला दिसतात ते त्या सकाळचे, नगर रस्त्यावर, सहा आसनी रिक्षाला हात करताना. रिक्षावाला ओलं पोतं आत घेईना. मामांनी वाद घातला नाही. पोतं सावरलं आणि नदीच्या दिशेने चालायला लागले, ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून भराभर. पोत्यातलं पाणी त्यांच्या पाठीवर गळत होतं. मी गाडी काढून त्यांना सोडू शकले असते. मी रागात होते.

गेल्या महिन्यात हिंजवडीच्या बाजूच्या एका नव्या गटाने माझ्याकडे खात्रीसाठी एक नोंद पाठवली. तिकडेही एका तळ्याचं यादीत राहायचं की नाही ते चाललंय. 'कंगव्या, भरपूर, खात्रीशीर,' आणि सोबत आवाज. मी कानाला लावला. करर्र, करर्र, करर्र. मागे खोकला, दोनदा. मी शून्य लिहून परत पाठवलं आणि पाणी तपासून घ्या, असंही लिहिलं. त्यांचं उत्तर आलेलं नाही.

मग मी माझ्या जुन्या फोनमधला न कापलेला तुकडा शोधून काढला. तो मी इतक्या वर्षांत एकदाही पूर्ण ऐकला नव्हता. करर्र, करर्र, करर्र. खोकला. त्यानंतर मी काहीतरी विचारते, कंगव्या लिहू का म्हणून, आणि मामा दटावतात, "थांब, लिवू नगं. दिसू दे आधी." मग बराच वेळ काही नाही. गवताची सळसळ, पाण्याचा आवाज, कुणाच्या तरी कानाशी गुणगुणणारा डास. मग मामांचा आवाज, अगदी जवळून, लहान मुलासारखा खूश.

"ह्यो बग."